रेचेल व्हेरिंडरची कैफियत

रहस्यकथेतील सद्गुणी स्त्री म्हणजे कथानकाच्या सोयीसाठी उभी केलेली एक सोज्ज्वळ आकृती, तिच्यावर आळ यावा, तिने अश्रू ढाळावेत आणि अखेरच्या प्रकरणात गुप्त पोलिसाने खऱ्या चोराला मुद्देमालासह हजर केले म्हणजे तिने नायकाच्या खांद्यावर मान टाकावी, याहून अधिक अपेक्षा तिच्याकडून करू नये, असा एक ग्रह आपल्याकडील वाचकांत, आणि वाचकांहूनही टीकाकारांत, इतका रूढ होऊन बसला आहे की त्याविरुद्ध कोणी तोंड उघडले तर पुराव्याचा बोजा त्याच्यावरच टाकला जातो. तो बोजा उचलावयास मी तयार आहे. त्यासाठी जिला साक्षीस बोलवावयाचे ती कोणी आडबाजूची नायिका नव्हे. ज्या कादंबरीला टी. एस. एलियटसारख्या चोखंदळ समीक्षकाने आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतील पहिली आणि सर्वोत्तम म्हणून मान दिला, त्या विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ची ती नायिका आहे. गंमत एवढीच की साक्षीला बोलवावे आणि तिने साक्ष देण्याचे साफ नाकारावे हा रेचेल व्हेरिंडरचा स्वभाव, आणि तोच माझा पुरावा.

हकीकत थोडक्यात अशी. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले त्या लुटीत हर्नकॅसल नावाच्या एका इंग्रज अंमलदाराने, राखणदार ब्राह्मणांचे रक्त सांडून, मूळच्या सोमनाथच्या चंद्रमूर्तीच्या कपाळीचा पिवळा हिरा पळवला. तो त्याने मृत्युपत्राने आपल्या भाचीच्या नावे करून ठेवला. आणि १८४८ च्या जूनमध्ये, वाढदिवशी ज्या रात्री तो रेचेलच्या हाती आला, त्याच रात्री तिच्या बैठकीतील कपाटातून तो नाहीसा झाला. नेताना तिने प्रत्यक्ष पाहिले. नेणारा होता फ्रँकलिन ब्लेक, तिचा मावसभाऊ आणि जिवलग (मावसभावाशी विवाह हे आपल्या आचारधर्माला रुचावयाचे नाही, पण इंग्रजांत त्याला आडकाठी नाही, आणि आपण त्यांच्या घरात पाहुणे आहोत). हे तिने आईला सांगितले नाही, पोलिसाला सांगितले नाही, वकिलाला सांगितले नाही आणि खुद्द त्यालाही सांगितले नाही. त्याला मात्र आपल्या कृत्याची गंधवार्ताही नव्हती, कारण वैद्यकाच्या थट्टेवरून चिडलेल्या डॉक्टर कँडीने त्या रात्री त्याला नकळत अफू पाजली होती, आणि त्या धुंदीतच, हिऱ्याची काळजी मनात घोळत असताना, तो उठला होता. सकाळी उठून चोरीचा तपास व्हावा म्हणून सर्वांत अधिक धावपळ कोणी केली असेल तर ती त्यानेच. रेचेलच्या दृष्टीने हा देखावा काय असेल याची कल्पना करून पाहा: जो चोर, तोच फिर्यादीच्या बाजूने उभा राहून पोलिसांना बोलावणे पाठवतो आहे!

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा असा मांडला जातो की ही मुलगी एक वाक्य बोलली असती तर साडेचारशे-पाचशे पानांची ही कादंबरी पन्नासाव्या पानावर आटोपली असती, म्हणून तिचे मौन हा तिचा सद्गुण नसून लेखकाची निकड आहे. आक्षेप ऐकावयास चतुर वाटतो, पण ज्याने पुस्तकाची प्रस्तावनाही वाचली नाही अशाच्याच तोंडी तो शोभतो. कॉलिन्स तेथे स्वच्छ सांगतो की आपल्या काही पूर्वीच्या कादंबऱ्यांत परिस्थितीचा स्वभावावर होणारा परिणाम दाखवण्याचा आपला हेतू होता, या कादंबरीत तो क्रम आपण उलटा केला आहे, आणि अकस्मात ओढवलेल्या प्रसंगी एका तरुण मुलीने जे वर्तन केले त्याच्या पायावर ही सगळी इमारत उभी आहे. लेखकाच्या प्रतिज्ञेवर विसंबू नये असे कोणी म्हणेल तर त्याने वाड्यातील वृद्ध कारभारी बेटरेज याची जबानी काढून पाहावी. हिरा अजून तिच्या हाती आलेला नसताना, कथा जेमतेम सुरू झालेली असताना, तो सांगतो की ही पोर लहानपणी खेळगड्याच्या अपराधाबद्दल स्वतः शिक्षा सोसत असे, विचारले तर आपण अपराध केला असे कबूल करीत नसे, केला नाही असे खोटेही सांगत नसे, समोरच्याच्या नजरेला नजर भिडवून फक्त म्हणे की मी सांगणार नाही. ज्या मौनाची मुळे कथानकाच्या आधी दहाबारा वर्षे रुजलेली आहेत त्याला कथानकाची क्लृप्ती म्हणणे हे विहीर रहाटासाठी खणली असे म्हणण्यासारखे आहे. कथानकच या मौनातून निघाले आहे.

दुसरा आक्षेपक अधिक भारदस्त आहे. तो कादंबरीच्या आतच बसला आहे आणि त्याचे नाव सार्जंट कफ. लंडनहून आलेल्या, गुलाबाच्या ताटव्यांवर जीव टाकणाऱ्या या कृश गृहस्थाची बुद्धिमत्ता मला वंद्य आहे, आणि त्याचा अधिक्षेप करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. उलट त्याचे निरीक्षण बिनचूक ठरते म्हणूनच त्याची चूक अभ्यसनीय होते. रेचेलच्या बैठकीच्या दाराला दिलेला रंग वाळला नव्हता, त्यावर कोणाच्या तरी वस्त्राचा फराटा उमटला होता, ज्याच्या वस्त्राला रंग त्याच्याकडे हिरा, हे त्याने ताबडतोब ओळखले. रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीने एखादे वस्त्र गुपचूप दडवले आहे हेही ओळखले. रेचेलला काहीतरी ठाऊक आहे आणि ती ते लपवते आहे, हेही. इतका पंचनामा अक्षरशः खरा. आणि त्यावर त्याने निकाल काय दिला? तर घरंदाज मुलींना गुप्त कर्जे असतात हे अनेक वर्षांच्या नोकरीत आपण पाहिले आहे, तस्मात रेचेलने स्वतःचाच हिरा स्वतःच चोरून रोझॅनाच्या हस्ते गहाणवटीला लावला! साक्षीदार बोलत नाही, तस्मात साक्षीदारच गुन्हेगार. मौन हे संमतीचे लक्षण या आपल्या म्हणीचा याहून घातक उपयोग मी पाहिलेला नाही.

येथे एका प्रत्यक्ष खटल्याची आठवण करून देणे जरूर आहे. १८६० साली इंग्लंडात रोड या गावच्या एका सुखवस्तू घरात चार वर्षांचेही वय नसलेल्या मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डाचा व्हिचर तेथे गेला आणि एका नाहीशा झालेल्या रात्रवस्त्राच्या धाग्यावरून त्याने त्या मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर आरोप ठेवला. पुराव्याअभावी ती सुटली, कुलीन कन्येवर तोहमत घेतल्याबद्दल व्हिचरची छीथू झाली, आणि १८६५ साली कॉन्स्टन्सने आपण होऊन गुन्हा कबूल केला. म्हणजे कॉलिन्सने आपली कथा लिहावयास घेतली तेव्हा साऱ्या इंग्लंडला ताजा धडा मिळालेला होता की गप्प बसलेल्या मुलीवर संशय घेणारा पोलीस बरोबर ठरला. कॉलिन्सने त्या खटल्यातील डाग पडलेले वस्त्र घेतले, हरवलेले वस्त्र घेतले, घरातील तरुण कन्येवर बोट ठेवणारा नामांकित पोलीसही घेतला, आणि निकाल मात्र फिरवला. लोकमताच्या वाऱ्याबरोबर वाहणारा कादंबरीकार असे करीत नाही. सद्गुणी स्त्रीला सोयीची आकृती म्हणून वापरणाऱ्यालाही हे सुचावयाचे नाही.

आता तिच्या मौनाची नीट चिकित्सा करू, कारण सगळे मंडन त्यावर अवलंबून आहे. कफचा आरोप कानी आल्यावर आईने विचारले तेव्हा रेचेलने तीन गोष्टी सांगितल्या: रोझॅनाशी आपण खाजगी असे काही बोललेलो नाही, आपल्यावर कोणाचेही कर्ज नाही, आणि कपाटात ठेवल्यापासून हिरा आपल्या हाती आलेला नाही. तिन्ही विधाने सत्य आहेत, तिन्ही स्वतःपुरती आहेत, आणि चौथे विधान, ज्यावाचून पहिल्या तिन्हींवर कोणी विश्वास ठेवणार नाही, ते तिने केले नाही. खोटे बोलणे तिला किती सोपे होते! मी झोपेत होते, मी काही पाहिले नाही, एवढ्या चार शब्दांनी तिची सुटका झाली असती, आईची अब्रू राहिली असती, कफ आल्या पावली परतला असता. सत्य बोलणेही सोपे होते, कारण तिच्यापाशी होता तो पुरावा कायद्याच्या दृष्टीने अव्वल दर्जाचा. वसईच्या कोर्टात शंभराहून अधिक वर्षे ज्याच्या आधाराने फिर्यादी चालल्या त्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेही तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, पाहिले असेल त्यानेच पाहिले म्हणून सांगावे, असा दंडक घातलेला होता, आणि रेचेलने तर पाहिले होते, दिव्याच्या उजेडात, काही हातांच्या अंतरावरून. त्या जबानीला रंग लागलेल्या वस्त्राचे पाठबळ मिळाले असते, आणि आरोपी स्वतःच काही आठवत नसल्यामुळे निरुत्तर झाला असता. एक निरपराध मनुष्य सशक्त पुराव्यानिशी गुन्हेगार शाबीत झाला असता आणि त्याच्या धुंदीचा फायदा घेऊन ज्याने हिरा लाटला तो गॉडफ्रे एबलव्हाइट धर्मादाय मंडळांच्या सभांतून भाषणे देत उजळ माथ्याने हिंडला असता. परंतु परिणामावरून तिचा कैवार घेणे मला मान्य नाही. हा परिणाम तिला ठाऊक नव्हता, आणि अज्ञानातून झालेल्या हिताचे श्रेय कोणाच्याही पदरात घालू नये. मी एवढेच म्हणतो की खोटे न बोलणे आणि चहाडी न करणे ही दोन व्रते तिने एकाच वेळी पाळली, आणि त्या दोहोंच्या मधली जागा इतकी अरुंद होती की तेथे उभे राहावयाला मौनाखेरीज दुसरे आसन नव्हते.

संस्कृत वाङ्मयावर वाढलेल्या वाचकाला या ठिकाणी कालिदासाचे ‘शाकुंतल’ नाटक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही एक रत्न आहे, अंगठीतले, तेथेही पुरुषाने केलेल्या कृत्याची त्याला आठवण नाही, तेथेही विस्मृतीला बाहेरचे कारण आहे. दुर्वासाच्या शापाचे काम येथे डॉक्टरच्या अफूने केले आहे. (अंगठी सापडल्यावर पहिला मार कोणाला? तर माशाच्या पोटातून ती काढणाऱ्या गरीब धीवराला. अर्नाळ्याच्या कोळ्याला हा प्रवेश वाचून दाखवला तर त्यात कवीची अतिशयोक्ती काही आहे असे त्याला वाटावयाचे नाही.) पण साम्य येथे संपते आणि भेद बोलू लागतो. शकुंतला भर दरबारात बोलते, राजाला अनार्य म्हणण्यापर्यंत तिची वाणी जाते, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. रेचेल बोलत नाही, आणि तिच्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे ‘बोलली असती तर’ या आक्षेपाची हवाच निघून जाते. स्त्रीच्या शब्दाची किंमत जिथे तिच्या शीलावरून ठरते आणि शीलाची किंमत तिच्या शब्दावरून, त्या कचेरीत बोलणारी आणि न बोलणारी दोघीही एकाच पिंजऱ्यात उभ्या असतात.

आपल्याकडे हा ग्रह कोठून आला याचा शोध फार दूर जाऊन करावयास नको. ‘मूनस्टोन’ लंडनमध्ये क्रमशः छापली जात होती त्याच १८६८ साली रिसबुडांची ‘मंजुघोषा’ मराठीत आली. तिच्या आधी सात वर्षे हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली होती. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील नायिकांचे शील वज्राचे असते, पण त्याची परीक्षा दुष्टांकडून, अरण्यांकडून, वियोगाकडून होते. स्वतःच्या निवडीकडून क्वचितच. पुढे इंग्रजीतील रहस्यरंजनाचे जे दार आपल्याला उघडले ते रेनॉल्ड्सचे होते, कॉलिन्सचे नव्हते; हरिभाऊ आपट्यांसारख्यानेही आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या वळणावर आरंभली. मी राहतो त्या वसईकडील कळंबपासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस थोडके चालले की ज्या गावाचे नाव मिरवत बाबुराव अर्नाळकरांनी शेकड्यांनी रहस्यकथा महाराष्ट्राच्या हाती दिल्या ते अर्नाळा लागते. त्या कथांची झपाटून टाकणारी गती हा त्यांचा गुण, पण गतीला थांबून एका मुलीच्या मनात डोकावण्याची सवड नसते. असल्या वाचनावर पोसलेल्या अभिरुचीने रेचेलला ओळखले नाही यात नवल नाही.

हल्ली एक नवा आक्षेप ऐकू येतो, आणि तो जुन्याच्या नेमका उलट आहे. पूर्वी म्हणत, ही हट्टी मुलगी, हिच्यात सोशिकपणा नाही, म्हणून सद्गुणी नाही. आता म्हणतात, पुरुषाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालून स्वतः कलंक सोसणारी ही सोशिक पतिव्रताच, म्हणून हिच्या सद्गुणाची वाखाणणी करू नये. दोघांनी एकमेकांना उत्तर दिलेले असल्यामुळे मला फारसे श्रम नाहीत. तरीही सांगतो. सोशिक स्त्री क्षमा करते. रेचेलने फ्रँकलिनला क्षमा केली नाही. त्याचे तोंड पाहणे तिने टाकले, त्याच्याशी पत्रव्यवहार नाकारला, आणि ज्याचे नाव तिने जगापासून राखले त्याला आपल्या घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकू दिले नाही. गॉडफ्रेवर लंडनात चोरीचा संशय आला तेव्हा ती उसळून उठली आणि तो निर्दोष आहे, हे मला ठाऊक आहे, असे तिने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिले. ज्याने हिरा खरोखरीच लाटला होता त्याला दिलेला हा निर्दोषत्वाचा दाखला म्हणजे कॉलिन्सच्या उपरोधाचा कळस आहे, पण रेचेलपुरते पाहिले तर ती खऱ्यालाच साक्ष राहिली, कारण तिच्या डोळ्यांनी दुसऱ्याला पाहिले होते. पुढे त्याच गॉडफ्रेशी ठरलेला विवाह, त्याची नजर आपल्या मिळकतीवर आहे हे कळताच, तिने मोडला, आणि त्याच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या पण कारण उच्चारले नाही. एकावर तिचे प्रेम होते, दुसऱ्यावर नव्हते. नियम दोघांना एकच लावला. याला दास्य म्हणावयाचे असेल तर न्यायाधीशालाही कायद्याचा दास म्हणावे लागेल.

तथापि एक आक्षेप असा आहे की तो कोणी घेत नाही आणि मला मात्र तो खरा वाटतो. रेचेलच्या मौनाची किंमत एकट्या रेचेलने दिली नाही. वाड्यात चोरी झाली म्हणजे पहिला संशय पगारी माणसांवर जातो, हा शिरस्ता यॉर्कशायरमध्येही आहे आणि आपल्या वाड्यांत व बंगल्यांतही. आणि व्हेरिंडरांच्या घरात तर तुरुंगातून सुटून आलेली, चोरीचा जुना डाग असलेली रोझॅना होती. तिनेही फ्रँकलिनवर जीव लावला होता, तिलाही त्याच्या रात्रवस्त्रावरचा रंग सापडला होता, तिनेही त्याला चोर मानून त्याच्यासाठी ते वस्त्र दडवले. एकाच छपराखाली, एकीच्या नकळत दुसरी, मालकीण आणि मोलकरीण एकाच पुरुषासाठी गप्प बसल्या होत्या. कफने या दोन मौनांची मिळून एक कारस्थानी मसलत बनवली. वस्तुतः रोझॅना रेचेलचा मत्सर करीत होती. आणि अखेर रोझॅना समुद्रकाठच्या त्या थरथरत्या वाळूत स्वतःला लोटून देते. कळंबच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे प्रकरण वाचताना स्पष्टीकरणाची गरज पडत नाही. ओहोटीला समुद्र लांब गेला म्हणजे उघडी पडणारी ओली वाळू किती घट्ट आणि किती निरागस दिसते, आणि परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली म्हणजे उभ्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो, हे सुरूच्या बनापलीकडे पाऊल टाकलेले पोरही सांगेल. ते भय कॉलिन्सने एका मोलकरणीच्या नशिबाला जोडले, आणि जोडताना आपल्या नायिकेला त्यातून सोडवले नाही. रेचेलने वेळीच तोंड उघडले असते तर रोझॅनावरील संशय तरी हटला असता, हे मी नाकारीत नाही. आपले कपड्यांचे कपाट तपासू देण्यास तिने नकार दिल्यामुळे सर्व नोकरांच्या पेट्यांची झडती टळली हे खरे, पण ती काही नोकरांच्या कणवेने टळली नव्हती. सद्गुणी स्त्री ही निष्पाप देवता असते असे माझे म्हणणे नव्हतेच. ज्या व्रताचा भुर्दंड दुसऱ्या कोणाला पडतो ते व्रत महागडे आहे, आणि कॉलिन्स त्याचा जमाखर्च लपवीत नाही, म्हणूनच रेचेल ही पुठ्ठ्याची सती झालेली नाही.

तिच्या बुद्धीचा एक प्रसंग मात्र आक्षेपकांच्या नजरेतून हटकून सुटतो. वर्षभराने एझ्रा जेनिंग्ज हा मरणाच्या दारी पोहोचलेला उपेक्षित वैद्य अफूचा उलगडा करतो आणि फ्रँकलिनला पुन्हा अफू देऊन ती रात्र जशीच्या तशी घडवून दाखवण्याचा बेत आखतो. वकील साशंक, बेटरेज साशंक. सगळ्यांना प्रयोगाची सिद्धी हवी. रेचेलला पत्राने खुलासा कळतो आणि ती उलट टपाली कळवते की मला प्रयोगाची जरूर नाही, तो निर्दोष आहे हे मला पटले. स्वतःच्या डोळ्यांच्या साक्षीवर वर्षभर जळत राहिलेली ही मुलगी ते डोळे खोटे ठरताच क्षणभर अडत नाही. वस्तुतः डोळे खोटे ठरलेच नव्हते. पाहिले ते खरे होते, त्याचा अर्थ चुकला होता, आणि कृती व हेतू यांतला हा फरक कफसारख्याला जेथे कळला नाही तेथे तिला एका पत्राने कळला.

राहता राहिली एक गोष्ट, जी पूर्वपक्षाच्या हातातील शेवटचे शस्त्र म्हणून वापरता येईल. ही कादंबरी म्हणजे जबान्यांचे दफ्तर आहे: बेटरेज लिहितो, धर्मवेडी मिस क्लॅक लिहिते, वकील ब्रफ लिहितो, फ्रँकलिन लिहितो, जेनिंग्जची रोजनिशी येते, कफचा अहवाल येतो, अगदी सोमनाथच्या यात्रेत हिरा पुन्हा देवाच्या कपाळी लागलेला पाहणाऱ्या मर्थवेटचेही निवेदन येते, रेचेलची मात्र एक ओळही त्यात रुजू नाही. ज्या एकमेव साक्षीदाराने घटना पाहिली तिलाच लेखकाने वगळले, असे कोणी म्हणेल. मला हे वगळणे कलादृष्ट्या अचूक वाटते. हे दफ्तर फ्रँकलिनच्या विनंतीवरून, आपल्या घराण्यावरील किटाळ दूर व्हावे म्हणून, परक्यांच्या वाचनासाठी तयार झालेले आहे, आणि परक्यांपुढे कैफियत मांडणे हे रेचेलने पहिल्या दिवसापासून नाकारले होते. तिची जबानी झालेली आहे. हॅम्पस्टेडला वकिलाच्या घरी, बागेच्या दाराने चोरपावलांनी आत आलेल्या फ्रँकलिनसमोर, एकदाच, रागाने थरथरत, तपशिलासकट, जे पाहिले ते तसेच. ती ऐकण्याचा हक्क ज्याला होता त्याला ती मिळाली, आणि आपल्याला ती कळते ती त्याने सांगितली म्हणून.